आधी जिम, मग घर

व्यायामाला सुरुवात करू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक ठरलेला सल्ला मिळतो: आधी तीन महिने घरी करून बघा, टिकले तर मग जिमचे पैसे भरा. मलाही हा सल्ला अनेकांनी दिला, मी तो पाळला, आणि पाच वर्षांच्या अनुभवानंतर आज मला तो उलटा वाटतो. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या आणि शाळा सुटल्यापासून कधी मैदानावर न उतरलेल्या माझ्यासारख्या स्त्रीने पहिले सहा-आठ महिने जिममध्ये काढावेत, तिथे नीट शिकून घ्यावे आणि मगच घरी करण्याचा विचार करावा, असे माझे मत झाले आहे. ते कसे होत गेले, ते जरा तपशिलात लिहिते, कारण माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे अडून बसल्या आहेत.

मी डोंबिवलीला राहते आणि नोकरी फोर्टमध्ये आहे. सकाळी साडेसातच्या सुमाराची गाडी पकडायची, म्हणजे घरून सव्वासातला निघावे लागते. संध्याकाळी स्टेशनवर उतरेपर्यंत साडेसात होतात. घर वन बीएचके, तिसऱ्या मजल्यावर, चार माणसांचे. दिवाणखान्यातली टीपॉय उचलून बाल्कनीत ठेवली की दिवाण आणि टीव्हीचे कपाट यांच्यामध्ये साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी जागा उरते. त्या जागेत सतरंजी मावते, पण हात आडवे पसरले की एक हात दिवाणाला लागतो. सासूबाई त्याच दिवाणावर झोपतात आणि सहाच्या आत उठत नाहीत. पाच वाजता दिवा लावला की त्यांची झोप मोडते, म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने मी स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या तिरप्या उजेडात व्यायाम करत असे. घरी व्यायाम करणे फुकट आणि सोपे असते असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादी रिकामी खोली असते. डोंबिवलीत रिकामी खोली कोणाच्या घरात आहे?

सुरुवात झाली ती २०२०च्या टाळेबंदीत. मार्चमध्ये सगळे बंद झाले, राज्यातल्या व्यायामशाळा आणि जिम थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या, आणि त्या सात महिन्यांत लाखो लोकांनी केले तेच मीही केले: मोबाइल उशीला टेकवून उभा ठेवला आणि त्यात बघून व्यायाम सुरू केला. मी सूर्यनमस्कार निवडले, आणि त्याला घरचे कारण होते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, जुन्या औंध संस्थानाच्या मुलखातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांकडून ते घालून घेतले. माझे आजोबा त्या शाळांत शिकलेले. सत्तरीतही ते पहाटे ओसरीवर नमस्कार घालायचे, आणि खाली जाताना त्यांचे शरीर फळीसारखे सरळ राहायचे, हे मी लहानपणी रोज पाहिले आहे. त्यामुळे नमस्कार आपल्या रक्तातच आहेत, अशी माझी समजूत होती.

ती समजूत सहा महिन्यांत गेली. रोज चोवीस नमस्कार घालत होते आणि अंगाला चांगला घामही येत होता, पण कंबर दुखू लागली. आधी फक्त सकाळी दुखे, मग गाडीत उभे राहिल्यावर, आणि अखेर वाकून बादली उचलतानाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी फिजिओथेरपीकडे पाठवले. तिथल्या बाईंनी मला एकच नमस्कार घालून दाखवायला सांगितला आणि तो अर्ध्यावर येताच थांबवले. हात आणि पोट यांच्यात शरीर पेलण्याइतकी ताकद नसल्यामुळे साष्टांग स्थितीत जाताना माझी कंबर आधी खाली पडत होती, आणि तिथूनच मी छाती वर उचलत होते. म्हणजे रोज चोवीस वेळा कमरेच्या मणक्यांवर मोडल्यासारखा ताण पडत होता. त्या म्हणाल्या, ‘‘व्यायाम चुकीचा नाही हो, तुमचं खाली जाणं चुकीचं आहे. कुणी बघितलं नाही का कधी?’’

कोणी बघितले नव्हते. मोबाइलवरची शिक्षिका मला दिसत होती, पण मी तिला दिसत नव्हते. आजोबा नमस्कार शाळेत, मास्तरांच्या नजरेसमोर, शंभर वेळा चुकून आणि शंभर वेळा सुधारून घेऊन शिकले होते. त्यानंतरची साठ वर्षे त्यांनी ते घरी घातले. मी मधला शिकण्याचा टप्पा गाळला होता. तालमीतही हाच क्रम असे. पोरगा आधी वस्तादाच्या हाताखाली जोर-बैठका शिकायचा, वस्ताद पाठीवर थाप मारून कंबर वर घ्यायला लावायचा, आणि मग तोच पोरगा म्हातारपणी घराच्या अंगणात जोर मारायचा. फक्त तालमीची दारे बायकांना बंद होती. म्हणून आमच्या आधीच्या पिढ्यांमधल्या स्त्रियांना अंगमेहनत भरपूर होती, पण व्यायाम शिकवणारे कोणी नव्हते. आज गल्लीतल्या साध्या जिममध्येसुद्धा एखादी पन्नाशीची बाई पैसे भरून वस्तादाची नजर मिळवू शकते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कंबर बरी झाल्यावर मी नुसते चालण्यावर आले. २०२३मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पाळी अनियमित होऊ लागली म्हणून डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली. टी-स्कोअर उणे १.८ आला. उणे १ पर्यंत हाडे ठीक मानतात, उणे २.५ किंवा त्याखाली गेले की अस्थिठिसूळता. मी या दोहोंच्या मध्ये होते. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते, हे मला तोवर ढोबळपणे माहीत होते. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिलेच, पण ठासून सांगितले ते वजन उचलण्याचे. चालणे हृदयासाठी उत्तम, मात्र हाडाला आणि स्नायूला वाढता भार लागतो. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची बांधणी बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२मध्येच मांडले होते. भार अजिबात पडला नाही तर काय होते, ते अंतराळवीरांच्या शरीरात दिसते: तिथे शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांमधली खनिजे महिन्याला एक ते दीड टक्का या वेगाने कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये प्रौढांसाठी जे सांगितले, त्यातही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबर, आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम, असे स्पष्ट म्हटले आहे. आपण बहुतेक जण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा सोडून देतो.

तरीही मी जिममध्ये गेले नाही. पुन्हा घरीच प्रयत्न केला. दोन-दोन किलोचे डंबेल आणले, महिन्याभरात ते हलके वाटू लागले म्हणून पाच-पाच किलोचे आणले. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आले की खांद्यांसाठी पाच किलो जड आहेत, पायांसाठी तेच काहीच नाहीत, आणि पाठीसाठी तर माझ्याकडे काहीच नाही. घरच्या व्यायामाची खरी मर्यादा मला इथे कळली, आणि ती इच्छाशक्तीची नव्हती. घरी ढकलण्याचे व्यायाम होतात: नमस्कार, जोर, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून केलेले दंड. बसून उठण्याचेही होतात. वरून किंवा समोरून ओढण्याचा व्यायाम मात्र होत नाही, कारण त्याला काहीतरी पक्के लागते. दाराच्या चौकटीत अडकवण्याची दांडी मिळते, पण आमच्या चाळीस वर्षांच्या इमारतीतल्या चौकटीवर माझे चौसष्ट किलो टांगण्याची हिंमत मला झाली नाही. रबरी पट्टे खिडकीच्या गजांना बांधून पाहिले. त्यांनी थोडे काम होते, पण आज किती ताण दिला आणि पुढच्या आठवड्यात तो किती वाढवला, याचा हिशेब त्यात लागत नाही.

यावर विचार करताना मला आजीची आठवण झाली. माझ्या आजीने कधी ‘व्यायाम’ म्हणून काही केले नाही, पण ती विहिरीतून पाणी शेंदायची. दहा-बारा हात खोल विहीर, पितळी कळशी, आणि दिवसाला निदान वीस खेपा. जात्यावर दळताना ती खुंटा ओढायची आणि ढकलायची, दोन्ही. तिची पाठ शेवटपर्यंत ताठ होती. जिममधले लॅट पुलडाउनचे, म्हणजे वर टांगलेली दांडी छातीकडे ओढण्याचे यंत्र पहिल्यांदा ओढले तेव्हा खांद्यांच्या फऱ्यांमध्ये जी जाग आली, ती नेमकी शेंदण्याचीच हालचाल होती. जुन्या घरात ओढण्याचे काम होते, फ्लॅटमध्ये नळ आहे. नळ असणे चांगलेच आहे, कोणी परत विहिरीवर जावे असे मी म्हणणार नाही, पण पाठीचे जे काम नळाने थांबवले ते दुसरीकडे कुठेतरी करावे लागते, आणि आमच्या घरात त्याला जागा नाही.

अखेर २०२३च्या दिवाळीनंतर मी जिममध्ये नाव घातले. पहिला अनुभव वाईट आला. वर्षाचे एकदम भरले तर निम्म्या किमतीत, असे सांगून माझ्याकडून बारा हजार रुपये घेतले गेले आणि चौथ्या महिन्यात एके दिवशी शटर बंद दिसले ते कायमचे. पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून मी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळाचे पैसे कुठेही भरत नाही, मग सवलत कितीही मोठी असो. २२ सप्टेंबर २०२५पासून जिमच्या शुल्कावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावती मागून घेऊन त्यावरचा कर जरूर बघावा.

दुसरी जिम मी फक्त एका गोष्टीवरून निवडली, आणि माझ्या मते निवडीचा सगळ्यात महत्त्वाचा निकष तोच आहे: ती स्टेशन आणि घर यांच्या मध्ये आहे. यंत्रे थोडी जुनी आहेत, एसी एकाच बाजूला चालतो. पण गाडीतून उतरले की मी घराकडे जाताना वाटेतच ती लागते. घर ओलांडून पुढे असती तर मी आठवडाभरही गेले नसते, कारण एकदा घराचा उंबरा ओलांडला की कुकर लावायचा असतो, मुलाचा काही निरोप असतो, सासूबाईंच्या गोळ्या असतात, आणि मग पुन्हा चपला घालणे होत नाही. स्त्रियांसाठी राखीव वेळ अनेक जिममध्ये दुपारची असते. नोकरी करणाऱ्या बाईला ती वेळ असून नसल्यासारखी आहे, याचे मला आजही वाईट वाटते. संध्याकाळी आठ वाजता पंचवीस तरुण मुलांच्या गर्दीत रॉडपाशी जाऊन उभे राहायला पहिले पंधरा दिवस मला संकोच वाटला. मग लक्षात आले की आरशात प्रत्येक जण स्वतःकडेच पाहत असतो.

तिथली प्रशिक्षक मुलगी पंचविशीची आहे. पहिल्या दिवशी तिने मला वजन हातात दिलेच नाही. झाडूच्या दांड्याएवढा एक लाकडी दांडा आणला, तो माझ्या पाठीवर उभा धरला आणि सांगितले, ‘‘ताई, डोक्याची मागची बाजू, दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला पाहिजे. आता वाका.’’ मी वाकले, आणि पहिल्याच इंचाला दांडा माकडहाडापासून सुटला. पुन्हा वाकले, या वेळी डोक्यापासून सुटला. कमरेतून वाकणे आणि खुब्यातून वाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सत्तेचाळीस वर्षांत माहीत नव्हते. गुडघे थोडे सैल सोडायचे, पार्श्वभाग मागे न्यायचा, जणू मागचे दार ढकलून बंद करायचे आहे, आणि पाठ दांड्याला चिकटलेलीच ठेवायची. ती एक हालचाल बसायला मला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी तिने रिकामा रॉड दिला, दहा किलोचा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा चढत गेल्या. आठ महिन्यांनी मी पस्तीस किलो उचलत होते, आणि कमरेला कळही नव्हती.

मला याचा खरा अर्थ कळला तो घरी. आमच्याकडे पाइप गॅस नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट भरलेला सिलिंडर तिसेक किलोच्या घरात जातो. आमच्याकडे तो सरकवायला नेहमी मुलाची किंवा यजमानांची वाट बघितली जायची. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी, मोदकाची उकड गॅसवर असताना सिलिंडर संपला आणि घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. मी भरलेल्या सिलिंडरसमोर उभी राहिले, पाय खांद्यांइतके फाकवले, मागचे दार ढकलले, श्वास भरला आणि दोन्ही हातांनी वरची कडी धरून तो उचलून ओट्याखाली ठेवला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, कंबर!’’ आणि मी त्यांना सांगितले, ‘‘आई, कंबर वापरलीच नाही.’’

आता घराच्या बाजूनेही लिहिले पाहिजे, कारण मी घरचा व्यायाम सोडलेला नाही. जिम आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. उरलेल्या दिवसांपैकी चार सकाळी मी त्याच साडेसहा फुटांत बारा नमस्कार घालते, आणि आता दर नमस्काराला पोट आत घेऊन, फळीसारखी खाली जाते. जिममध्ये हातांत आलेली ताकद नसती तर ते जमलेच नसते. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या, रात्री नऊला पोहोचले, तर जिम बुडते. तेव्हा पाठीला पिशवी लावून ओट्यापाशी बैठका मारते. पिशवीत पाच-पाच किलोचे तेच जुने डंबेल असतात. एकदा शिकून झाल्यावर घर उपयोगी पडते ते असे. ज्यांना खरोखर एकच परवडते किंवा एकच जमते, त्यांनीही तीन महिन्यांचे शुल्क शिकण्याची फी समजून भरावे आणि नंतर ती रक्कम वजन कमी-जास्त करता येणाऱ्या डंबेलच्या जोडीत घालावी, असे मी सांगेन. मात्र प्रशिक्षक नाव घातल्यावर नुसता तक्ता हातात देऊन फोनवर बोलत बसत असेल, तर त्या जिममध्ये आणि मोबाइलच्या पडद्यामध्ये काही फरक नाही; अशा ठिकाणाहून पहिल्या आठवड्यातच बाहेर पडावे. एक दिवस आधी जाऊन नुसते उभे राहावे आणि नवख्या माणसाकडे कोण लक्ष देते ते पाहावे. यंत्रांची संख्या मोजण्यापेक्षा ते जास्त कामाचे आहे.

रक्तदाब जास्त असेल, गुडघ्याचे किंवा मणक्याचे जुने दुखणे असेल, हाडे बरीच ठिसूळ झालेली असतील, तर यातले काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे लागते. ठिसूळ मणक्यांना पुढे वाकून केलेले काही व्यायाम धोक्याचे ठरतात.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सिलिंडरचा तो प्रकार झाल्यापासून त्या मला रोज काहीतरी विचारतात. मी त्यांना जेवणाच्या खुर्चीवरून हात न लावता उठायला आणि सावकाश बसायला शिकवले आहे. आधी चारदा होत होते, आता दहादा होते. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाठीशी लाटणे धरले होते, दांड्यासारखे. लाटणे आखूड पडले, म्हणून दुसऱ्या दिवशी पडद्याची दांडी काढली.

या वर्षी हाडांची तपासणी पुन्हा केली. स्कोअर उणे १.७ आहे. दोन वर्षांत एवढा फरक मोजमापाच्या चुकीतही बसतो, असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण या वयात तो खाली गेला नाही, यावर ते समाधानी होते आणि मीही आहे. माझ्या तीन महिन्यांची मुदत तीस तारखेला संपते. रॉडवर सध्या साडेबेचाळीस किलो आहेत, पुढची पायरी पंचेचाळीसची, आणि त्या प्लेटा ठेवायला आमच्या घरात जागा नाही. म्हणून शनिवारी जाताना पर्समध्ये पैसे ठेवले आहेत.